धागा: न्यूयॉर्क-वॉशिंग्टनच्या मधलं दीड दिवसाचं फिलाडेल्फिया

उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा आले की या शहराचा एक मुक्काम बऱ्याच जणांच्या बेतात असतो. शहर पायाखालचं असलेल्यांनी लिहावं. 'मस्त आहे, नक्की जा' नको. तिकीट, अंतर, वेळ आणि गाडी कुठे अडते, तेवढं सांगा.

पायपीट
सगळा बेत एका तिकिटाभोवती बसवा: इंडिपेन्डन्स हॉल. १७७६ चा अमेरिकी स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि १७८७ ची राज्यघटना, दोन्ही इथल्याच. प्रवेश फुकट, पण मार्च ते डिसेंबर ठरलेल्या वेळेचं तिकीट लागतं. ते रिक्रिएशन डॉट गव्हवर मिळतं, माणशी एक डॉलर शुल्क. उन्हाळ्यात सकाळच्या वेळा आधी संपतात. दिलेल्या वेळेच्या निदान अर्धा तास आधी तपासणीच्या रांगेत हवं. रांग लांबली आणि वेळ टळली, तर पुढच्या गटात घेतीलच असं नाही. खिशातला चाकू, नेलकटरमधलं पातंसुद्धा, हॉटेलवर ठेवा. सूटकेस तर आणूच नका.

आत सभागृह कठड्याबाहेरून बघायचं असतं. समोरच्या उंच खुर्चीकडे नीट बघा, पाठीवर अर्धा सूर्य कोरलाय. घटना लिहिली जात असताना जॉर्ज वॉशिंग्टन त्याच खुर्चीत बसत. बाकीच्या बहुतेक खुर्च्या त्या काळातल्या, पण त्या सभेतल्या नव्हेत.

लिबर्टी बेल या ऐतिहासिक घंटेला तिकीट नाही, रांग आहे. फार लांब दिसली तर चेस्टनट स्ट्रीटच्या बाजूच्या काचेतून बाहेरूनही घंटा दिसते.

एडिसनकर
न्यू जर्सीहून येणाऱ्यांसाठी: अ‍ॅमट्रॅक ही लांब पल्ल्याची रेल्वे महाग पडते. एडिसन किंवा मेट्रोपार्कहून एनजे ट्रान्झिटने (न्यू जर्सीची लोकल) ट्रेंटन, तिथे सेप्टाची (फिलाडेल्फियाची लोकल) ट्रेंटन लाइन. दोन वेगळ्या कंपन्या, दोन वेगळी तिकिटं. घोळ होतो तो ट्रेंटनला. पहिली गाडी पाच मिनिटं उशिरा आली की पुढची सुटते, आणि शनिवार-रविवारी दोन गाड्यांमधलं अंतर मोठं असतं. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ आधीच लिहून ठेवा. थर्टिएथ स्ट्रीट स्टेशनला गडबडीत उतरू नका, पुढे जेफरसन स्टेशनला उतरा.

चौकोनी_वही
नकाशा न उघडता फिरता येतं. १६८२ मध्ये शहराचा संस्थापक विल्यम पेन याने शहर आखून घेतलं, तीच चौकट आजही आहे. उत्तर-दक्षिण रस्त्यांना आकडे, पूर्व-पश्चिम रस्त्यांना बरीचशी झाडांची नावं. पहिला रस्ता म्हणजे फ्रंट, चौदावा म्हणजे ब्रॉड. पूर्व-पश्चिम रस्त्यावर घर क्रमांक ११३६ असेल तर ते अकराव्या-बाराव्या रस्त्याच्या मधे. आकड्याच्या रस्त्यापुढचं 'नॉर्थ' किंवा 'साउथ' मार्केट स्ट्रीटपासून मोजतात. ते टॅक्सीवाल्याला सांगायला विसरलात तर दुसऱ्याच टोकाला पोचाल.

जेफरसन स्टेशन अकराव्या रस्त्यावर, हॉल पाचव्या-सहाव्याच्या मधे. म्हणजे पाच-सहा ब्लॉक, रमतगमत पंधरा मिनिटं. हॉलपासून एल्फ्रेथ्स अ‍ॅलीही तेवढीच. जुन्या घरांच्या त्या गल्लीत लोक खरोखर राहतात, खिडक्यांतून डोकावू नये. वाटेत पाचवा रस्ता आणि आर्च यांच्या कोपऱ्यावर भिंतीतल्या लोखंडी गजांतून बेंजामिन फ्रँकलिनची सपाट समाधी दिसते, आत जायचे पैसे वाचतात. वर पेन्या (एका सेंटची नाणी) पडलेल्या असतात. त्यांच्या माऱ्याने शिळेला खड्डे पडलेत, तेव्हा आपण टाकू नये हे बरं.

मटकी_उसळ
रीडिंग टर्मिनल मार्केट हा खाण्यापिण्याचा बाजार जेफरसन स्टेशनला लागूनच. दुपारी बारा ते दोन बसायला जागा मिळणं कठीण, अकराला जा. आमिश लोकांचे (जुन्या पद्धतीने राहणारा ख्रिस्ती पंथ) ठेले रविवारी बंद, आणि बाजाराची खरी मजा तेच आहेत. इथलं प्रसिद्ध चीजस्टेक सँडविच म्हणजे गोमांस, नावातल्या चीजवर जाऊ नका. शाकाहारी माणसाला गरम प्रेट्झेल, फळं, गोड पाय (pie) यांवर पोट भरता येतं.

जोडा_मोजा
जुन्या भागातले विटांचे पदपथ झाडांच्या मुळांनी वर उचललेत, एल्फ्रेथ्समध्ये गोटे आहेत. चाकाची खुर्ची किंवा बाबागाडी असेल तर मार्केट आणि चेस्टनट हेच धरा. स्वच्छतागृह सहावा-मार्केटवरच्या व्हिजिटर सेंटरमध्ये, हॉलच्या रांगेत लागण्याआधीच उरका. गाडी आणलीच तर इंडिपेन्डन्स मॉल या हॉलसमोरच्या मैदानाखालच्या गॅरेजमध्ये ठेवा. रस्त्यावरच्या एकाच खांबावर पार्किंगच्या चार-चार पाट्या असतात आणि चारही लागू असतात.

पुणेरी_पत्ता
आनंदीबाई जोशींसाठी जाणाऱ्यांना आधीच सांगते: १८८६ मध्ये त्या जिथून डॉक्टर झाल्या ते विमेन्स मेडिकल कॉलेज जुन्या शहरात नव्हतं, उत्तरेला नॉर्थ कॉलेज अ‍ॅव्हेन्यूवर होतं. पुढे संस्थाच तिथून हलली. त्यामुळे तासभर वाकडी वाट करून हाती फारसं लागत नाही. त्यांची कागदपत्रं आणि तो तीन विद्यार्थिनींचा प्रसिद्ध फोटो ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहे, ऑनलाइनही दिसतो. रक्षा मात्र न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सीच्या दफनभूमीत आहे. ती भेट या सहलीत कोंबू नका. न्यूयॉर्कच्या मुक्कामात ग्रँड सेंट्रलहून मेट्रो-नॉर्थच्या गाडीने जा, एका बाजूला साधारण दोन तास.