व्हेस्ट न झालेले आरएसयू नेटवर्थमध्ये धरायचे का?

वहीखाते:
पगारासोबत अमेरिकन कंपनीचे आरएसयू, म्हणजे ठरलेल्या मुदतीने आपल्या नावावर होणारे (व्हेस्ट होणारे) शेअर, मिळणाऱ्यांसाठी हा धागा. माझं मत स्पष्ट आहे: व्हेस्ट न झालेल्या शेअरांची सॉफ्टवेअरमध्ये फक्त संख्या लिहावी, रुपयांत किंमत लावू नये. चार वर्षांत टप्प्याटप्प्याने व्हेस्ट होणाऱ्या शेअरांची ग्रँट मिळते, लोक ॲपमध्ये पूर्ण आकडा टाकतात, आणि त्या फुगलेल्या नेटवर्थवर बाणेरच्या फ्लॅटचं बजेट ठरतं. नोकरी सुटली की व्हेस्ट न झालेले शेअर सहसा रद्द होतात. जे मिळतात त्यातलाही, वरच्या स्लॅबमध्ये असाल तर, जवळपास तिसरा हिस्सा आधी टॅक्समध्ये जातो.

मी ग्नूकॅश या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक ग्रँटसाठी शून्य भावाची वेगळी सिक्युरिटी ठेवतो. व्हेस्ट झाले की तिथली संख्या कमी करून खऱ्या शेअरच्या खात्यात नोंद. समजा 100 शेअर व्हेस्ट झाले, भाव 50 डॉलर, डॉलरचा दर 84 रुपये. पगाराच्या उत्पन्नात पूर्ण 4,20,000 लिहायचे. 31.2 टक्क्यांनी टीडीएस 1,31,040. त्यासाठी ब्रोकर 32 शेअर विकतो, 1,34,400 येतात, वरचे 3,360 पगारातून परत मिळतात. हाती उरले 68 शेअर, खरेदी किंमत प्रत्येकी 4,200. बरेच जण नुसतं ‘68 शेअर जमा’ लिहितात. मग फॉर्म 16 मधलं उत्पन्न आणि आपली वही कधीच जुळत नाही.

हिंजवडी_फेज३:
नोंदीची पद्धत पटली, शून्य किंमत अजिबात पटली नाही. पुढच्या महिन्यात व्हेस्ट होणारे शेअर आणि तीन वर्षांनी होणारे शेअर सारखेच कसे? मी पुढच्या 12 महिन्यांतले, टॅक्स वजा करून, वेगळ्या ओळीत धरतो. मुलीची इंजिनिअरिंगची फी त्यातूनच जाणार आहे. ते डोळ्यांसमोर नसेल तर नियोजन कशाचं करायचं?

वहीखाते:
पुढच्या महिन्याचा पगारही जवळपास नक्की असतो, तो नेटवर्थमध्ये धरता का? फीचं नियोजन कॅश फ्लोच्या अंदाजात करा, तिथे हे शेअर जरूर लिहा. काय आहे आणि काय येणार आहे, या दोन गोष्टी एका बेरजेत नकोत.

मावळप्रांत:
मला तर हा सगळा खटाटोपच अनाठायी वाटतो. व्हेस्ट झाले त्याच दिवशी विका, पैसे भारतात आणा, इंडेक्स फंडात टाका. पगार ज्या कंपनीचा, बचतही तिच्यातच, हा दुहेरी धोका कशाला? 2022 मध्ये मेटाचा शेअर वर्षभरात 60 टक्क्यांहून जास्त घसरला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये 11,000 हून अधिक लोकांची नोकरी गेली. शेअर आणि पगार एकदमच गेले. लगेच विकलं की ट्रॅक करायला काही उरतच नाही.

सीए_सातारा:
मावळप्रांत, विकण्याचा सल्ला योग्य आहे, पण शेवटचं वाक्य चूक आहे आणि ते महागात पडू शकतं. रहिवासी करदात्याने कॅलेंडर वर्षात एक दिवस जरी परदेशी शेअर बाळगले असतील तरी रिटर्नमध्ये शेड्यूल एफए, म्हणजे परदेशी मालमत्तेचा तक्ता, भरायचं असतं. 1 जानेवारी ते 31 डिसेंबर या काळातली सुरुवातीची किंमत, सर्वोच्च किंमत, वर्षअखेरची किंमत, विक्रीची रक्कम असं सगळं विचारतात. माहिती दडवली तर काळा पैसा कायद्याखाली 10 लाखांचा दंड आहे. ऑक्टोबर 2024 पासून स्थावर सोडून बाकी परदेशी मालमत्ता 20 लाखांपर्यंत असेल तर तो दंड लागत नाही, पण माहिती देण्यातून सुटका नाही.

आणि जे शेअर ठेवतात त्यांच्यासाठी: ॲपमधला डॉलरमधला नफा बघून टॅक्स काढू नका. वरचेच 68 शेअर पुन्हा 50 डॉलरलाच विकले, पण दर 88 झाला असेल, तर ॲप नफा शून्य दाखवेल. आयकरात मात्र प्रत्येक शेअरमागे 200 रुपये नफा धरला जाईल. विक्रीसाठी दर धरायचा तो आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा, स्टेट बँकेचा टीटी बायिंग रेट, म्हणजे बँक डॉलर विकत घेते तो दर. 24 महिन्यांहून जास्त ठेवले तर 12.5 टक्के, नाहीतर तुमच्या स्लॅबने. ही मुदत व्हेस्टच्या तारखेपासून मोजतात, ग्रँटच्या नाही. म्हणून दर व्हेस्टचा लॉट, म्हणजे त्या दिवशी मिळालेल्या शेअरांचा गट, वेगळा हवा.

मावळप्रांत:
शेड्यूल एफएचा मुद्दा मान्य. पण त्याला चार ओळींचं एक्सेल पुरतं. ग्नूकॅशसारखं दुहेरी नोंदीचं (प्रत्येक व्यवहार दोन खात्यांत लिहायचं) सॉफ्टवेअर शिकायला सांगितलं की लोक काहीच लिहीत नाहीत, हे मी टीममध्ये बघतो. मुळात नोंद होणं जास्त महत्त्वाचं.

वहीखाते:
लगेच विकणाऱ्याला एक्सेल पुरेल, हे खरं. पण तिमाहीला व्हेस्ट, मधे डिव्हिडंड, त्यावर अमेरिकेत 25 टक्के कपात, तिचं क्रेडिट घ्यायला फॉर्म 67, आणि अधूनमधून थोडी विक्री, एवढं झालं की कोणत्या लॉटचे किती शेअर उरले ते एक्सेल आपणहून सांगत नाही. एक ओळ राहून गेली तर कळतही नाही. दुहेरी नोंदीत व्यवहाराची एक बाजू राहिली तर ताळा लागत नाही आणि चूक तिथेच दिसते.

हिंजवडी_फेज३:
12 महिन्यांची ओळ मी ठेवणारच, फक्त नेटवर्थच्या बेरजेखाली. लॉट रुपयांत लिहायचं मात्र पटलं. ग्नूकॅश बाजारातला दर ऑनलाइन घेतं, तिथे टीटी रेट कसा टाकायचा?

वहीखाते:
व्यवहार लिहिताना विनिमय दर हाताने भरता येतो. व्हेस्टला कंपनीने टीडीएससाठी धरलेला दर टाका, तो सहसा व्हेस्टच्या स्टेटमेंटवर असतो. विक्रीला सीएंनी सांगितलेला.