तीस पावलं अन् एक उभारी : ३०२ की ३०४?

धुऱ्यावरचा

आमच्याकडच्या धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, केसचा निकाल लागला. सरकारी वकिलांनी ३०२, म्हणजे खुनाचं कलम, मागितलं होतं. कोर्टानं ३०४ भाग दोन, म्हणजे खुनापेक्षा कमी असलेल्या सदोष मनुष्यवधाचं कलम, धरलं अन् सात वर्षं दिली. तेव्हापासून पारावर एकच बोलणं, "पैसा चालला." मी त्या केसमध्ये पंच, म्हणजे पंचनाम्याचा साक्षीदार, होतो, म्हणून लिहितो. गाव आणि नावं लिहिणार नाही, कोणी विचारूही नये.

घडलं ते एवढं. पेरणीच्या आधी वखर फिरवताना धुरा कोरला म्हणून दोघं भांडले. पहिल्यानं दुसऱ्याची गचांडी धरली, आईवरून शिवी दिली. दुसरा पांदणीवर उभ्या असलेल्या बैलगाडीकडं गेला, उभारी, म्हणजे गाडीच्या कडेचा उभा दांडा, उपसली, परत आला अन् डोक्यात एक वार केला. नागपूरला नेलेला माणूस तिसऱ्या दिवशी गेला.

पंचनाम्याच्या दिवशी टेपचं एक टोक माझ्या हातात होतं. धुऱ्यापासून गाडीपर्यंत २३ मीटर, म्हणजे तीसेक पावलं. माती काळी, त्यात रक्त दिसतच नव्हतं. जमादारानं ढेकूळ फोडून दाखवलं तेव्हा कळलं. एका डबीत ती माती, दुसऱ्या डबीत साधी माती, वर लाखेचं सील आणि खाली माझी सही.

माझ्या मते निकाल बरोबर आहे. गावात माणूस मारला गेला की आपण सरळ 'खून' म्हणतो. कायदा मात्र मारणाऱ्याच्या मनात काय होतं ते विचारतो. यानं घरून कुऱ्हाड आणली नव्हती, दबा धरून बसला नव्हता. वार एकच केला. समोरचा पडल्यावर त्याच गाडीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत यानंच आणलं.

काळी माती

दादा, गेलेला माणूस माझा मावसभाऊ. तुम्ही खरी साक्ष दिली, तुमच्यावर राग नाही. पण "एकच वार" हे ऐकून ऐकून कान किटले. एका वारात माणूस मेला तर दुसरा कशाला घालायचा?

चार वर्षं तारखा करून थोडा कायदा मीही शिकलो. १९५८ चा विरसा सिंगचा निकाल बघा. पंजाबातली केस, पोटात भाल्याचा एकच घाव, आणि सुप्रीम कोर्टानं खूनच धरला. जीवच घ्यायचा होता का, हे पाहायची गरज नाही म्हणाले. तीच जखम करायची होती का, आणि ती जखम सामान्यपणे जीव घ्यायला पुरेशी होती का, हे पाहा. डोक्याची कवटी फुटली होती. उभारी चुकून डोक्यावर पडली असं आरोपीचा वकीलही म्हणाला नाही. माझ्या भावाच्या हातात बैल हाकायची साधी तुतारीसुद्धा नव्हती.

तालुका बार

मी वकिली करतो, या केसमध्ये नव्हतो. दोघंही अर्धं अर्धं बोलताय.

१९७६ च्या पुन्नय्या निकालानं क्रम सांगितला आहे. आधी बघायचं, आरोपीच्या कृत्यानं मरण आलं का. मग तो सदोष मनुष्यवध ठरतो का, म्हणजे कलम २९९. मग तो ३०० मध्ये बसून खून होतो का. आणि ३०० मध्ये बसला तरी त्याला पाच अपवाद आहेत. त्यातला एक लागला की खुनाचा सदोष मनुष्यवध होतो आणि शिक्षा ३०२ ऐवजी ३०४ खाली जाते.

विरसा सिंगमुळं तुमची केस ३०० मध्ये जाते, हे मलाही पटतं. पण विरसा सिंगमध्ये अपवादाचा प्रश्न नव्हता. इथं चौथा अपवाद आहे : अचानक झालेली मारामारी, आधी ठरवलेलं काही नाही, रागाच्या भरातलं कृत्य, आणि आरोपीनं गैरफायदा घेतलेला नसावा किंवा क्रूरपणे वागलेला नसावा. हा अपवाद दाखवायचं ओझं आरोपीवर असतं. फक्त सरकारी पक्षासारखं निःसंशय सिद्ध करावं लागत नाही, शक्यता जास्त आहे एवढं दाखवलं तरी पुरतं.

माझं स्वतःचं मत वेगळंच आहे. अपवाद धरला तरी डोक्यात नेम धरून घातलेली उभारी भाग दोनमध्ये कशी गेली, ते मला कळलं नाही. भाग दोन हा नुसत्या जाणिवेसाठी आहे : मरण येऊ शकतं हे माहीत होतं, पण तसा उद्देश नव्हता. जिथं उद्देश दिसतो तिथं भाग एक, आणि त्यात जन्मठेपेपर्यंत जाता येतं. घटना १ जुलै २०२४ च्या आधीची म्हणून जुनी दंडसंहिता लागली. आजची घटना असती तर न्याय संहितेचं कलम १०५ लागलं असतं, आणि त्याच्या पहिल्या भागात आता किमान पाच वर्षं आहेत.

वावरातला

भाऊ, वखर हाकता हाकता माणसाचं डोस्कं आधीच तापलेलं रायते. वरून आईवरची शिवी. तीस पावलात राग उतरते काय? माह्या मतानं खून नाई.

पण वकीलसाहेब, एक सांगा. आमच्याकडं डुकरं तुरीचं वाटोयं करते म्हणून लोक रातच्याले तारेत करंट सोडते. त्यात माणूस चिकटून मेला त मंग काय धरते?

तालुका बार

काका, बिहारची एक जुनी केस आहे, चेरुबिन ग्रेगरीची. शेजारची बाई आपल्या संडासात येऊ नये म्हणून यानं वाटेत उघडी तार टाकून करंट सोडला, ती मेली. सुप्रीम कोर्टानं १९६३ साली ३०४-अ खालची शिक्षा कायम ठेवली. परवानगी नसताना आत आलेल्या माणसाचाही जीव असा घेता येत नाही म्हणाले. ३०४-अ म्हणजे हयगय. पण लोक त्या वाटेनं रात्री जातात हे माहीत असून तार सोडली, तर प्रश्न जाणिवेचा होतो आणि ३०४, म्हणजे आताचं कलम १०५, लागू शकतं. मी माझ्या अशिलांना सांगतो, तार काढा, डुकराचं नुकसान झालं तर वनविभागाकडं भरपाईचा अर्ज करा.

काळी माती

मूळ गोष्टीवर येतो. राग उतरायला तीस पावलं कमी पडतात म्हणता. बायकोच्या प्रियकराला गोळी घालणाऱ्या नौदल अधिकारी नानावटीच्या केसमध्ये मध्ये तीन तास गेले होते म्हणून सुप्रीम कोर्टानं १९६१ साली त्याला रागाचा फायदा दिला नाही, हे मान्य. इथं तीन तास नव्हते. पण ज्यानं बैलगाडी हाकली त्याला विचारा, उभारी कशी निघते? साटीच्या, म्हणजे गाडीच्या चौकटीच्या, भोकात ती ठोकून बसवलेली असते. डावी-उजवीकडं हलवावी लागते, तेव्हा वर येते. तेवढा वेळ माझा भाऊ रिकाम्या हातानं धुऱ्यावर उभा होता. मारामारी तिथं थांबली होती, दादा. गचांडी सुटली होती. मग अचानक काय राहिलं? आणि रिकाम्या हाताच्या माणसावर लाकूड घेऊन येणं हा गैरफायदा नाही तर काय?

धुऱ्यावरचा

तुझं हे बोलणं मी दोन दिवस डोक्यात घेऊन फिरलो. पंचनाम्यात उभारीची लांबी आहे, जाडी आहे, टोकाला केस चिकटले होते तेही आहे. ती गाडीत घट्ट होती की सैल, हे नाही. मी स्वतः आयुष्यभर गाडी हाकली, पण त्या दिवशी ते भोक बघायचं मला सुचलं नाही. उलटतपासणीतही मला कोणी विचारलं नाही.

त्यानं ठरवून मारलं असं मला अजूनही वाटत नाही. ठरवून मारणारा माणूस जखमीला गाडीत घालून बैलं पळवत नाही. पण मारामारी थांबली होती की चालू होती, यावर माझ्याकडं तुला उत्तर नाही.

तालुका बार

उभारीचा मुद्दा चांगला आहे, पण त्यावर पुरावा काय आला ते कागद पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. आरोपीला कमी गुन्ह्याखाली शिक्षा झाली, तर बळीच्या घरच्यांना स्वतः अपील करता येतं. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३७२ मध्ये ३१ डिसेंबर २००९ पासून तशी तरतूद होती, आता तीच नागरिक सुरक्षा संहितेच्या ४१३ मध्ये आहे. सरकारनं अपील करायची वाट पाहावी लागत नाही. तुमचं अपील नागपूर खंडपीठात जाईल. आधी निकालाची आणि साक्षींची नक्कल काढा, उशीर करू नका.

काळी माती

वहिनीला अपिलाचं कोणी सांगितलंच नव्हतं. नकलेचा अर्ज कुठं द्यायचा?

धुऱ्यावरचा

कोर्टातल्या नक्कल विभागात. सोमवारी सकाळच्या एसटीनं जाऊ, मी सोबत येतो. केस नंबर माझ्या समन्सवर आहे, तो कागद मी जपून ठेवला आहे. वहिनीचं आधार कार्ड घे.