मदत हवी आहे: आई-अण्णांसाठी मेमरी फोमची गादी घ्यावी का? (सांगली)

नमस्कार मंडळी, आईसाठी गादी घ्यायचीय आणि काही सुचेना झालंय म्हणून इथं विचारतेय. आम्ही विश्रामबागला राहतो. आई ६६ वर्षांची, वजन ५२ किलो, अण्णा ७१ चे आणि ८८ किलो. आईची कंबर दुखते, हाडांच्या डॉक्टरांना दाखवून झालंय, ऑपरेशनचं काही नाही, व्यायाम दिलेत आणि फळीवर झोपायची गरज नाही असं स्पष्ट सांगितलंय. ती कुशीवर झोपते. अण्णा उताणे, आणि रात्री बाथरूमला उठतात, ते उठले की सगळी गादी हलते, आई जागी होते आणि मग पहाटेपर्यंत डोळा लागत नाही तिचा.

आत्ता काथ्याची गादी आहे, मधे खोलगा पडलाय, दोघं घसरून मधेच येतात. त्याआधी कापसाची होती, पिंजाऱ्याकडनं पिंजून घ्यायचो, पण आता ती उचलून गच्चीवर उन्हात टाकणं घरात कुणालाच झेपत नाही.

दुकानात गेलं की पहिला प्रश्न बजेट किती, दुसरा किती इंची पायजे. झोपणार कोण, कसं झोपतं, हे कुणी विचारतच नाही हो. एकानं ८ इंची दाखवली, वर नासा टेक्नॉलॉजी म्हणून सांगितलं. मी हात दाबून बघितला तर हात आत रुतला आणि सावकाश वर आला, आणि माझ्या मनात एकच आलं की आईला यातून कूस बदलता येईल का, सकाळी उठता येईल का. शिवाय आपल्याकडं एप्रिल-मेमधे चाळिशी गाठतं, हा फोम गरम होतो म्हणतात ते खरंय का? बजेट २५ हजारापर्यंत. ब्रँडची नावं नकोत, काय बघून घ्यायचं ते सांगा प्लीज.

फिजिओ_सातारा: ताई, तुमची शंका बरोबर आहे. कंबर दुखणाऱ्या माणसाला कूस बदलताना आणि उठतानाच जास्त त्रास होतो, आणि जाड मेमरी फोममधे कंबर रुतली की त्याला जोर जास्त लागतो. पण म्हणून एकदम कडक पण घेऊ नका. २००३ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधला अभ्यास आला होता, जुनी कंबरदुखी असलेले ३१३ जण, त्यात कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवाल्यांना ९० दिवसांनी जास्त आराम होता. कुशीवर झोपणाऱ्याला खांदा आणि खुबा थोडा आत जायला हवा, नाहीतर कंबर अधांतरी राहते. आईंना दुकानात न्या, कुशीवर १५ मिनिटं झोपवा, मग कुणी हात न देता उठू द्या, तिथंच कळेल. आणि काठावर बसल्यावर पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत हे नक्की बघा.

गादीवाला_कराड: दुकान आहे माझं म्हणून सांगतो. नासाचं खरं आहे, १९६६ च्या सुमारास त्यांच्या अमेरिकेतल्या एम्स संशोधन केंद्रासाठी विमानाच्या सीटकरता हा फोम केला, पण त्यावरनं तुमच्या गादीतला माल कसा आहे ते कळत नाही. पूर्ण गादी मेमरी फोमची नसते, वरचा एक-दोन इंच थर तेवढा असतो, खाली दुसरा फोम. तर विचारायचं हे की वरचा थर किती इंच, त्याची डेन्सिटी किती, आणि खालचा कुठला. वरच्याची डेन्सिटी ५० च्या (घनमीटरला किलो) आसपास असावी, खाली एचआर फोम (हाय रेझिलियन्स, दाबला की लगेच वर येणारा) असेल तर उत्तम, आणि हे बिलावर लिहून घ्या. खालचा हलका असला की खोलगा तिथंच पडतो. गरमीचं म्हणाल तर हा फोम उबेनंच मऊ होतो, म्हणजे मे महिन्यात जास्त रुततो आणि थंडीत आडवं झालं की सुरवातीला कडक लागतो. तुम्हाला एक इंच थर बास आहे. फोममधे गारव्यासाठी घालतात ते जेल सुरवातीला गार लागतं, नंतर फार फरक नाही.

आणि मुख्य म्हणजे ५२ आणि ८८ किलोला एकच गादी कशी बसंल? अण्णा रुततील तिथं आईंना ती कडक लागणार. दोन सिंगल घ्या, ७८ बाय ३६ च्या, आईंना वरचा थर मऊ, अण्णांना कडक. ते उठले तरी आईंची गादी हलणार नाही.

कृष्णाकाठ: वरचं सगळं पटलं, पण वॉटरप्रूफ कव्हर पहिल्या दिवसापासनं घाला, वरनं सुती असलेलं, नुसतं प्लास्टिकचं घातलं तर घाम सुटतो. फोममधे पाणी मुरलं की वाळत नाही, २०१९ च्या पुरात आमच्या भिजलेल्या गाद्या टाकूनच द्याव्या लागल्या. उन्हात पण टाकू नका, फोम खराब होतो. बॉक्सच्या पलंगाला प्लायमधे भोकं नसतील तर पावसाळ्यात खालनं ओल धरते, अधनंमधनं गादी उभी करून ठेवा.

मूळ प्रश्नकर्ती: खूप आभार सगळ्यांचे, दोन वेगळ्या गाद्यांचं आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. आत्ताच पलंग मोजला, उंची १२ इंच, म्हणजे ८ इंची गादी टाकली तर २० होतील आणि आईची उंची ५ फूट पण नाही, पाय लटकतील. त्यामुळं ६ इंचीच. पण दोन गाद्यांच्या मधल्या फटीचं काय? आणि पलंग सुताराकडनं केलेला आहे, आतनं ७५ बाय ७१ भरतोय.

गादीवाला_कराड: फटीला काही नाही, दोन्ही गाद्यांना बाहेरनं बेल्ट आवळा आणि वर एकच चादर. मापाचं मात्र बघा, ७१ मधे ३६ च्या दोन बसणार नाहीत, ७५ बाय ३५ च्या करून घ्याव्या लागतील, आणि मापानं कापलेली गादी ट्रायलच्या (वापरून बघायच्या) मुदतीत बऱ्याच ठिकाणी परत घेत नाहीत. म्हणून आधी तयार मापाच्या गादीवर आईंना झोपवून नक्की करा, आणि त्याच थरांची, त्याच डेन्सिटीची ऑर्डर लिहून द्या.