वेळ बघायला खिशातून मोबाईल काढणाऱ्यांनो, जरा बोला

मांजराकाठ
ज्याला चार माणसांसमोर उभं राहून काम करायचंय त्यानं मनगटावर घड्याळ बांधावं, वेळेसाठी खिशातल्या मोबाईलवर विसंबू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कोण किती बरोबर वेळ दाखवतं यात मी पडतच नाही. तुम्ही वेळच बघताय हे समोरच्याला कळतं का, एवढंच विचारतोय. मी लातूर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. तास संपायला किती मिनिटं उरली हे बघायला मोबाईल काढला, तर खिडकीतून डोकावणाऱ्या पालकाला एवढंच दिसतं की गुरुजी वर्गात मोबाईल खेळतोय. संध्याकाळी पारावर तोच विषय, आणि आजकाल तर फोटोसकट. तोच गुरुजी मनगटाकडं बघून पुढचं पान काढायला सांगतो तेव्हा वक्तशीर ठरतो. बँकेच्या खिडकीमागं बसलेल्याचं आणि तहसीलमधल्या बाबूचंही हेच.

शिवाय मोबाईल वेळ सांगून थांबत नाही. भावकीच्या ग्रुपवर कुणाच्या तरी वाढदिवसाचे हार, त्याखाली सोयाबीनचा भाव, त्याखाली कुणीतरी ढकललेलं भाषण. मोबाईल खिशात जातो आणि किती वाजले ते बघायचंच राहून जातं. पुन्हा काढा.

आणि हो, माझं घड्याळ वडिलांचं एचएमटी वगैरे नाही. आठवडी बाजारातून घेतलेलं, सेलवर म्हणजे बॅटरीवर चालणारं आहे. तेव्हा भावनेच्या भरात बोलतोय असं धरू नका.

कयाधूचा कास्तकार
गुरुजी, तुमचं खरं हाय, पण ते पगारवाल्याचं खरं. कास्तकाराला किती वाजले ते बघायचंच नसतंय. त्याला कुणीतरी उठवायला पाहिजे असतंय.

शेतीची लाईट पाळीनं येती. एक पाळी दिवसाची, आठ तास. मग रात्रीची, आणि ती मधीच कधी जाईल याचा नेम नाही. हळदीला पाणी द्यायचं म्हणलं की पूर्वी आखाड्यावर बल्ब पेटायची वाट बघत जागत बसावं लागायचं. आता मोटारीच्या पेटीत सिमकार्डवालं स्टार्टर बसवलंय. लाईट आली की फोन वाजतो, बटन दाबलं की मोटार चालू. तुमचं मनगटावरचं घड्याळ रात्री दीडला मला हे सांगतंय का?

अन् फवारणीला घड्याळ बांधून जाऊन बघा. औषध पट्ट्याखाली जाऊन बसतं, दिवसभर कातडीला लागून राहतं. उन्हाळ्यात तिथंच घामोळ्या. मोबाईल निदान भाकरीच्या पिशवीत घालून बांधावर ठेवता येतो.

मांजराकाठ
तुमचं स्टार्टर घड्याळाचं काम करत नाही, महावितरणचं करतंय. लाईट ठरल्या वेळेला आली असती तर साध्या गजराच्या घड्याळावर भागलं असतं.

कयाधूचा कास्तकार
‘आली असती तर’वर हळद पिकत नसती, गुरुजी.

एन सेवन
घड्याळवाले अचूकतेचा विषय बाजूला ठेवतात, कारण तिथं ते हरतात. सेलच्या घड्याळात क्वार्ट्झ नावाच्या स्फटिकाचा तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो आणि त्यावरून सेकंद मोजला जातो. तरी साधं घड्याळ महिन्याला पंधरा-वीस सेकंद मागंपुढं होतंच. चावीचं असेल तर तेवढा फरक एका दिवसातही पडू शकतो. मोबाईलमध्येही तसलाच क्वार्ट्झ असतो, पण मोबाईल टॉवरकडून किंवा इंटरनेटवरून वेळ घेऊन स्वतःला जुळवत राहतो. तुमचं घड्याळ कोण जुळवतं? तुम्हीच, तेही मोबाईलमध्ये बघून.

मी वाळूजला एका प्लँटवर आहे. फिरत्या मशीनजवळ घड्याळ, अंगठी, कडं काहीच चालत नाही, अडकलं तर हात जातो. मोबाईल लॉकरमध्ये. शिफ्ट कशी कळते? सायरननं आणि भिंतीवरच्या घड्याळानं. जिथं मिनिटाचा हिशोब लागतो तिथंच मनगट रिकामं असतं. तेव्हा मनगटी घड्याळ आता दागिना झालंय. खुशाल घाला, शिस्तीचं नाव देऊ नका.

तेरणेचं पाणी
पण रेंज गेली की मोबाईलची वेळ पण जाते की.

एन सेवन
नाही जात. रेंज नसली तरी आतला क्वार्ट्झ चालूच असतो, फक्त जुळवून घ्यायला टॉवर नसतो. एखाद-दुसऱ्या दिवसात काही बिघडत नाही. चार्जिंग संपलं तर मात्र सगळंच जातं, ते मान्य.

तेरणेचं पाणी
आमच्याकडं दोन्ही एकदमच जातात. मृगाचं वारं सुटलं की लाईट जाते, मग टॉवर जातो, मग मोबाईल.

औशाची आशाताई
दागिना म्हणणाऱ्या भावाला सांगते. मी आशा आहे, म्हणजे गावातली आरोग्य कार्यकर्ती. नवजात बाळाच्या घरी आम्ही बेचाळीस दिवसांत सहा-सात भेटी देतो. आमच्या किटमध्ये थर्मामीटर, वजनकाटा यांच्याबरोबर घड्याळ असतं, ते मिरवायला दिलेलं नाही. बाळाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचे असतात. तान्ह्या बाळाचा श्वास एकसारखा चालत नाही, मधेच थांबतो, मधेच भरभर होतो, म्हणून पंधरा सेकंद मोजून चारानं गुणलं तर हिशोब चुकतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त भरले, दोन महिने ते वर्षाच्या आतल्याचे ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या लेकराचे ४० किंवा जास्त, तर धोक्याची खूण धरून पुढं पाठवायचं. पाच-सात श्वासांच्या फरकावर दवाखाना ठरतो.

एक डोळा बाळाच्या पोटावर, एक घड्याळावर. मोबाईलवर मोजायला गेलं तर पस्तिसाव्या श्वासाला आमचं काम बघणाऱ्या गटप्रवर्तक बाईंचा फोन येतो. मग पहिल्यापासून, आणि तोवर बाळ रडायला लागलेलं असतं. रडणाऱ्या बाळाचे श्वास मोजून उपयोग नाही, ते शांत व्हायची वाट बघा. शिवाय हात धुऊन बाळाला हात लावायचा अन् मधेच दिवसभर गावात फिरलेला मोबाईल धरायचा, हे कसं चालेल?

एक मात्र आहे. हात धुताना बांगड्या, घड्याळ काढायचं असतं. त्यामुळं मी पण ते मनगटावर नाही, बाळाच्या उशाशी ठेवून बघते. मनगटवाल्यांनी लगेच टाळ्या वाजवू नयेत.

एन सेवन
ताई, पटलं. पण ते तुमच्या कामाचं साधन झालं, जसं थर्मामीटर. बाजारात जाताना कुणी थर्मामीटर बांधून जात नाही.

गंजगोलाई
तुम्ही भांडा, ‘नीट’ला, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेला, दोन्ही बाहेरच ठेवावं लागतं. दुपारी दीडला गेट बंद, दोन ते पाच पेपर, २०२५ पासून पुन्हा १८० मिनिटांत १८० प्रश्न. मनगटावर साधं काट्यांचं घड्याळसुद्धा चालत नाही, खोलीत भिंतीवर असेल ते बघायचं.

मी लातुरात शिकवणी घेतो. लहानपणापासून मोबाईलमधले आकडेच बघितलेली पोरं भिंतीवरच्या काट्यांकडं बघून जरा अडखळतात. चार सदतीस हे बरोबर वाचतात, पण पाचला तेवीस मिनिटं उरली हे मनात वजाबाकी करून काढतात. काट्यांची सवय असलेल्याला ती करावी लागत नाही, उरलेला भाग तबकडीवर समोर दिसत असतो. फिजिक्सचा एक प्रश्न अर्ध्यात असताना हा फरक किती मोठा असतो ते त्या खोलीत बसलेल्यालाच कळतं. म्हणून सराव परीक्षेला आम्ही काट्यांचंच घड्याळ लावतो, आणि पालकांना सांगतो की पोराला आठवीपासून साधं काट्यांचं घड्याळ घेऊन द्या. गुरुजींच्या बाजूनं मत, पण लोकांना काय दिसतं त्याच्याशी मला घेणंदेणं नाही.

एन सेवन
मोबाईलवर पण काट्यांचं घड्याळ लावता येतं, सर.

गंजगोलाई
येतं. लावलंय कुणी?

परळीचा जावई
तुम्ही सगळे वेळेचं बोलू लालाव, पण आपल्याकडं वेळ पाळतंय कोण? पत्रिकेवर १२ वाजून ३५ मिनिटं छापलेलं. मांडवात निम्म्या लोकांच्या मनगटावर घड्याळ, खिशात सगळ्यांच्याच मोबाईल. नवरदेव अजून मारुतीपाशी, पुढं डीजे, अक्षता पडतात अडीचला. भटजी तेवढे मनगटाकडं बघत असतात, तेही पुढच्या लग्नासाठी.

अन् ‘आता दागिना झालंय’ हे पण चूक. आधीपासूनच होतं. आमच्या बापाच्या पिढीत जावयाला घड्याळ, सायकल, रेडिओ द्यायची रीत होती, घड्याळ हलकं निघालं म्हणून रुसून बसलेले जावई होते. त्यातल्या कितीजणांना वेळेवर कुठं पोचायचं होतं? चावी द्यायची राहिली तरी हातात असायचंच.

पंचांगवाले काका
जावईबापू, मुहूर्तावरून एक गंमत. मनगट काय आणि मोबाईल काय, दोन्ही आपल्या गावची वेळ सांगतच नाहीत. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, ती रेघ तिकडं मिर्झापूरजवळून जाते. लातूर साधारण ७६.५ अंशांवर. अंशाला चार मिनिटं धरली तर लातूरचा सूर्य २४ मिनिटं मागं, म्हणजे एक घटिका. घंगाळातल्या पाण्यात तळाला भोक पाडलेली वाटी सोडून ती बुडेपर्यंत मोजायचे, तीच. संभाजीनगर आणखी पश्चिमेला, तिथं २९ मिनिटं. वर्षभरात त्यात काही मिनिटं कमीजास्त होतात, ते वेगळं.

मुंबईनं तर प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली तरी आपली ३९ मिनिटं मागची वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती. अचूकतेवरून भांडणाऱ्यांनी आधी ठरवावं, कुठली वेळ अचूक हवी.

कयाधूचा कास्तकार
काका, हे आमच्या सालगड्याला सांगू नका. सावली पायाखाली आली की तो भाकर सोडतो. साडेबारा होत आले म्हणलं तर म्हणतो, तुमचा मोबाईल पुढं पळू लालाय.

निलंगा पेठ
मोबाईलनं घड्याळं संपवली हे अर्धंच खरं. दुरुस्तीचा धंदा त्याआधी क्वार्ट्झनं संपवला. एचएमटीनं १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीनं बंगळूरला घड्याळं करायला सुरुवात केली. ती चावीची, दर काही वर्षांनी खोलून साफ करून तेल द्यायची, त्यावर कारागिराचं घर चालायचं. जपानच्याच सेइकोनं १९६९ च्या डिसेंबरात क्वार्ट्झचं मनगटी घड्याळ बाजारात आणलं. आपल्याकडं टायटन आली १९८० च्या दशकात, आणि सेलची घड्याळं घरोघर गेली. आता बिघडलं की आतलं मशीन काढून दुसरं बसवतात, दुरुस्त असं काही करतच नाहीत. एचएमटीची घड्याळं बंद करायचं सरकारनं २०१६ मध्ये मंजूर केलं तेव्हा आमच्या पेठेतल्या कारागिराकडं चावीचं घड्याळ क्वचितच येत होतं.

तो आता त्याच टेबलावर, डोळ्याला तेच भिंग लावून मोबाईलची काच बदलतो. त्याला हा तुमचा वाद सांगितला. म्हणाला, जे जास्त वेळा हातातून पडतं ते चांगलं.

एन सेवन
गुरुजी, तुमच्या पहिल्या मुद्द्याकडं परत येतो. उद्या शाळेत नवा शिक्षक स्मार्टवॉच बांधून आला. मनगटाकडं बघतोय, पण बघतोय मेव्हण्याचा मेसेज. पालकाच्या लेखी तो वक्तशीर! मग तुमच्या घड्याळानं वेळ कळते, की वेळ बघितल्याचा देखावा होतो?

मांजराकाठ
बोट बरोबर ठिकाणी ठेवलंत, तरी मी हटत नाही. वर्गात थोडा देखावा लागतोच. गुरुजीचा हात खिशाकडं गेला की पोरांचं लक्ष त्या खिशाकडं जातं आणि मग फळ्याकडं आणायला पुन्हा वेळ लागतो. मनगटाकडं बघितलं तर कुणी मान वर करत नाही. आणि स्मार्टवॉचला मी मोबाईलच धरतो. उठसूट चार्जिंगला लावावं लागतं ते घड्याळ कसलं? साधं घड्याळ बांधणाऱ्या शिक्षकाबद्दल माझं म्हणणं आहे, आणि ते तसंच आहे.

कयाधूचा कास्तकार
साधं घड्याळ बांधणारे गुरुजी आमच्या गावात एकच हायेत. येतात साडेअकराला.