बेतणे, बसवणे, वठवणे : अभिजात कृती रंगमंचावर आणणाऱ्या कामाचे शब्द

प्रश्न : एका नाटकाच्या जाहिरातीत एकाच व्यक्तीच्या नावापुढे 'रूपांतर, दिग्दर्शन आणि प्रमुख भूमिका' असे छापलेले होते आणि त्याखाली 'कादंबरीवर आधारित' असेही म्हटले होते. 'रूपांतर' आणि 'आधारित' हे दोन्ही शब्द एकाच कामाला लागू पडतात का? 'कादंबरीवर बेतलेले' असेही पुष्कळदा वाचनात येते; त्याची अर्थच्छटा वेगळी आहे का?

उत्तर : लागू पडतात, पण दोन्ही शब्दांचे वजन सारखे नाही. 'आधारित' हा सावध शब्द आहे. आधार पूर्ण इमारतीचा असू शकतो किंवा नुसत्या एका टेकूचा, त्यामुळे हा शब्द लिहिणारा मूळ कृतीशी कोणतीच बांधिलकी पत्करत नाही. 'रूपांतर' मात्र बांधून टाकतो. संस्कृत समासाच्या शेवटी येणारे 'अंतर' हे पद 'दुसरे' असा अर्थ देते: देशांतर म्हणजे दुसरा देश, जन्मांतर म्हणजे दुसरा जन्म, तसे रूपांतर म्हणजे दुसरे रूप. रूप दुसरे झाले तरी वस्तू तीच राहिली आहे, असा दावा या शब्दात गृहीत असतो.

भाषांतर आणि रूपांतर यांमधील सीमा आपल्याकडे पहिल्यापासूनच पुसट आहे. आगरकरांनी 'हॅम्लेट'वरून 'विकारविलसित' लिहिले (1883), तेव्हा त्याला भाषांतर म्हटले. पण नायकाचे नाव चंद्रसेन झाले होते. देवलांच्या 'झुंझारराव' या नाटकात (1890) ऑथेल्लोचा झुंझारराव, डेस्डिमोनाची कमळजा आणि इयागोचा जाधवराव झाला, आणि त्याला आपण बिनदिक्कत रूपांतर म्हणतो. पुढे विंदा करंदीकरांनी 'राजा लिअर' मराठीत आणला, तो भाषांतराच्या आजच्या कडक अर्थाने. त्याच लिअरची सावली शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'वर (1970) पडलेली आहे. मात्र त्याला कोणी रूपांतर म्हटले, तर मी तरी त्याला विरोध करीन, कारण तेथे केवळ रूप बदललेले नसून वस्तूच नवी आहे.

भाषांतर अशक्यच असते, अशीही काही नाटके असतात. 'पिग्मॅलियन' या जॉर्ज बर्नार्ड शॉच्या नाटकाचा विषयच उच्चार हा आहे. लंडनच्या एका थरातील मुलीची बोली बदलली की समाजातील तिची जागा बदलते, हे त्याचे सूत्र. ते वाक्यामागून वाक्य मराठीत आणले, तर विनोद उरत नाही आणि सूत्रही उरत नाही. पु. ल. देशपांडे यांनी 'ती फुलराणी' लिहिताना मराठीतल्याच उच्चभ्रू आणि रस्त्यावरच्या बोलीतले अंतर कामाला लावले. त्यातली मंजुळा ही शॉच्या नायिकेची, एलायझाची, नुसती मराठी आवृत्ती नाही. तिचा राग मराठी शिव्यांतून आणि मराठी लयीतून घडलेला आहे. या कामाला मला 'बेतणे' हे क्रियापद सर्वांत अचूक वाटते.

'बेतणे' हा शिंप्याचा शब्द आहे. कापड मापाप्रमाणे आखणे व कापणे, म्हणजे बेतणे; शिवण नंतर येते. कात्री लागली की काही कापड जाणारच, हे या शब्दात आधीच मान्य केलेले असते, आणि 'रूपांतर' नेमकी हीच गोष्ट लपवतो. कादंबरीतील निवेदकाचे चिंतन, ऋतूंची वर्णने आणि बाजूची पात्रे अडीच-तीन तासांत मावत नाहीत. त्यातले काय काढायचे, काय संवादात घालायचे आणि काय नटाच्या नुसत्या थांबण्यावर सोपवायचे, हे ठरवणे ही खरी बेतणी. जयवंत दळवी यांनी आपल्याच 'अंधाराच्या पारंब्या' या कादंबरीवरून 'बॅरिस्टर' हे नाटक लिहिले. विजया मेहता यांनी ते दिग्दर्शित केले आणि त्यात मावशीची भूमिकाही केली. येथे भाषा तीच, लेखकही तोच. बदलले ते माध्यम. समीक्षेत यासाठी 'माध्यमांतर' हा शब्द चालतो आणि तो योग्यही आहे, पण कात्रीचा आवाज त्यात ऐकू येत नाही.

(जुने नाटक नाटक म्हणूनच ठेवून ते आजच्या वेळेत बसावे म्हणून पदे आणि प्रवेश कमी करतात, त्या संहितेला 'रंगावृत्ती' म्हणतात. तिला रूपांतर म्हणू नये.)

शंका : शिंप्याचा शब्द साहित्यकृतीला लावणे हलके वाटत नाही का? शिवाय 'जिवावर बेतणे' हा वाक्प्रचार आहेच. आणि मग 'दिग्दर्शन' या शब्दात हे काम येत नाही का?

उत्तर : हलके वाटण्याचे कारण शब्दात नाही, आपल्या सवयीत आहे, संस्कृत नाम लावले की काम प्रतिष्ठित होते, अशी आपली समजूत आहे. 'दिग्दर्शन' म्हणजे मुळात दिशा दाखवणे. बाळशास्त्री जांभेकरांनी 1840 मध्ये सुरू केलेल्या मासिकाचे नाव 'दिग्दर्शन' होते, आणि त्याचा नाटकाशी काही संबंध नव्हता. दिशा दाखवणारा स्वतः चालतोच असे नाही. तालमीत मात्र कोणी 'मी हा प्रवेश दिग्दर्शित केला' असे म्हणत नाही. 'प्रवेश बसवला' म्हणतात आणि जमला नाही तर 'अजून बसत नाही' म्हणतात. चाल बसवतात, अंगठीत खडा बसवतात, तसेच हे. पुष्कळ हलवाहलव झाल्यावर वस्तू आपल्या जागी घट्ट होणे, हा त्यातला अर्थ आहे.

नटाच्या वाट्याला 'वठवणे' येते. 'अभिनय' हा शब्द 'अभि' आणि 'नी' यांपासून झाला आहे; प्रेक्षकासमोर नेऊन पोहोचवणे, असा त्याचा आशय, आणि नाट्यशास्त्राने आंगिक, वाचिक, आहार्य व सात्त्विक असे त्याचे चार प्रकार सांगितले आहेत. तो करण्याविषयीचा शब्द आहे. 'भूमिका वठली' हे मात्र झालेल्या परिणामाविषयी आहे. नटाने सगळे केले तरी भूमिका वठेलच असे नाही. (झाड वठते तेव्हा ते वाळते आणि भूमिका वठते तेव्हा ती जिवंत होते, ही भाषेची गंमत आहे.) हल्ली वृत्तपत्रांत सरसकट दिसणाऱ्या 'साकारणे'मध्ये हा भेद उरत नाही.

'जिवावर बेतणे'ची आठवण काढलीत ते बरे झाले, कारण त्यातील 'वर' या शब्दयोगी अव्ययाकडे पाहायला हवे. कपडा अंगावर बेततात. ज्याच्यावर बेतायचे ते अंग म्हणजे माप, आणि कापड वेगळे. म्हणजे 'कादंबरीवर बेतलेले नाटक' असे लिहिले की कादंबरी हे अंग ठरते आणि नाटक हा तिच्या मापाचा कपडा. काही विनम्र रूपांतरकारांना हेच अभिप्रेत असेल. पण जो दिग्दर्शक स्वतःच प्रमुख भूमिका करणार आहे, त्याच्या बाबतीत उलटे घडते: अंग नटाचे असते आणि कादंबरी हे ताग्यातले कापड असते. मापही तोच घेतो, कात्रीही तोच चालवतो, आणि कोणता उतारा पात्रासाठी ठेवला व कोणता आपल्या आवाजासाठी, हे सांगणारा दुसरा कोणी तेथे नसतो. त्या जाहिरातीत म्हणून मी 'कादंबरीतून बेतलेले' असे लिहिले असते.