घरातली लँडलाइन काढून टाकायची का?

जुनी_तार:
घरात माणसागणिक मोबाइल आले की पहिली कुऱ्हाड लँडलाइनवर. माझा याला विरोध आहे. तांब्याच्या तारेवरच्या फोनला वीज एक्स्चेंजमधून मिळते, साधारण ४८ व्होल्ट, आणि तिथे बॅटऱ्यांचा आधार असतो. घरात अंधार झाला तरी फोन चालू. मोबाइल टॉवरचा बॅकअप बहुधा काही तासांतच संपतो. मग तुमचा पूर्ण चार्ज केलेला मोबाइल काय कामाचा?

फुल_रेंज:
तुम्ही सांगताय ती लँडलाइन उरलीये किती ठिकाणी? फायबरवर फोन घेतलात की संपलं. काचेच्या तंतूतून फोनला वीज येत नाही, मोडेम बंद पडला की फोनही बंद. ब्रिटनमध्ये जुनं जाळं गुंडाळायला जानेवारी २०२७ ची मुदत ठरवली आहे. आणि कॉर्डलेस वापरणाऱ्यांनी तर विजेच्या गप्पा मारूच नयेत, त्याच्या बेसला घरचीच वीज लागते.

जुनी_तार:
मोडेमला छोटा यूपीएस लावता येतो.

फुल_रेंज:
म्हणजे फोन जगवायला आणखी एक डबा! त्यापेक्षा पॉवर बँक बरी.

उंबरठा:
विजेचं सोडा हो. लँडलाइन घराची होती, कुणा एकाची नव्हती. लहान मूल, पाहुणा, आजी, कुणीही उचलावा. शिवाय मदतीला फोन केला तर पत्ता नोंदलेलाच असतो. आता आई बाहेर गेली की तिच्याबरोबर फोनही गेला.

फुल_रेंज:
लॉक असलेल्या मोबाइलवरूनही आपत्कालीन नंबर लागतो. ठिकाण आपोआप कळवायची सोय अँड्रॉइडमध्ये २०१६ पासून आहे, आयफोनमध्ये २०१८ पासून. समोरची यंत्रणा मात्र तिला जोडलेली हवी, हे मान्य.

दाराआड:
"घराचा फोन" म्हणून गहिवरणाऱ्यांनी तो बहुतेक मोठ्यांच्या बाजूने वापरला असावा. हॉलमध्ये फोन, आणि घरभर कान. कुणाचा होता, इतका वेळ काय बोललीस, सगळ्याचा जाब. घरात जिचं ऐकलं जात नाही तिला मोबाइलने पहिल्यांदा दार लावून बोलू दिलं. अमेरिकेत २०१६ च्या उत्तरार्धातच निम्म्याहून जास्त घरं फक्त मोबाइलवर आली होती. ते काय सगळे अविचारी?

उंबरठा:
मुद्दा खरा आहे. पण दार लावून बोलणाऱ्याच्या हातात मोबाइल असतोच. ज्याच्याकडे नाही त्याचं काय, हे मी विचारतेय.

जुनी_तार:
काढायचीच असेल तर आधी लाइनवर आणखी काय काय आहे ते बघा. घरफोडीचा अलार्म, लिफ्टमधला फोन, एकट्या वृद्धांच्या गळ्यातलं मदतीचं बटण. ब्रिटनमध्ये अशी बटणं नव्या लाइनवर चालेनात म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये ग्राहकाने न मागता होणारी बदली थांबवावी लागली.

फुल_रेंज:
हे मात्र पटलं. बटणं सिमवर चालणारीही मिळतात, पण नवं बटण दाबून, पलीकडून उत्तर आलेलं ऐकून मगच जुनी लाइन तोडा.