मजबुतीपायीच घात होतो

शाळेच्या पोरांच्या छोट्या मॉडेल रॉकेटला पत्र्याचं नाक अन् धडाला पीव्हीसीची नळी टिकाऊ पडेल, असं परभणीच्या एका सरांनी सुचवलंय. सर, मोटर (म्हणजे रॉकेट उडवणारी दारू भरलेली नळकांडी) फुटली तर पुठ्ठ्याचं धड फाटून मोकळं होतं. पीव्हीसीच्या मात्र धारदार चिपा उडतात. अमेरिकेतल्या नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्रीच्या नियमांतही नाक, धड, पंख हलके आणि बिगरधातूचेच लागतात. बाल्सा या हलक्या लाकडाचे पंख कापताना लाकडाचे रेषे पुढच्या कडेला समांतर ठेवा, नाहीतर पंख बुडाशीच मोडतो.

मोटरीत घरी स्फोटक दारू भरायचं तर नावच काढू नका. 1884 च्या स्फोटक कायद्याखाली विनापरवाना तो गुन्हा आहे. शाळेच्या पोरांना पाण्याचं रॉकेट द्या, म्हणजे बाटलीत थोडं पाणी अन् पंपानं दाबून भरलेली हवा. बाटली कोल्ड्रिंकचीच घ्या, साध्या पाण्याची पातळ बाटली दाब सोसत नाही. शिवाय यात आग नसते, त्यामुळे जवळपास कडब्याची गंजी असली तरी धास्ती नाही!